हवा फुकट, नळी विकत : टायरमधल्या हवेबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या वाचकांकडून या वेळी आलेले गाडीविषयीचे बहुतेक प्रश्न गॅस स्टेशनच्या कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनपाशी येऊन थांबतात. म्हणून हे सदर सगळं हवेलाच दिलं आहे.

प्रश्न : चारही टायरना मिळून जेमतेम पाच मिनिटं हवा भरायची, त्याचे मशीन दोन डॉलर घेतं. हवेला कसले पैसे? ही सरळ लूट नाही का?

हवेला पैसे नाहीतच. विजेलाही जवळपास नाहीत. एक अश्वशक्तीची मोटर पाच मिनिटं चालली तर साधारण ०.०६ युनिट वीज जाते, म्हणजे एखाद सेंट. पैसे लागतात ते मशीन उभं करायला आणि चालू ठेवायला.

पूर्वी गॅस स्टेशनला जोडून दुरुस्तीचं गॅरेज असायचं. तिथे लिफ्टसाठी आणि नट उघडायच्या हत्यारांसाठी मोठा टाकीवाला कॉम्प्रेसर दिवसभर चालू असायचा. त्याच टाकीतून एक नळी बाहेर काढून ठेवली की गिऱ्हाइकाला हवा मिळे, मालकाला वेगळा खर्च पडत नसे. पुढे गॅरेजं गेली, त्यांच्या जागी कॉफी-चिप्सची दुकानं आली आणि कॉम्प्रेसरही गेला. आता कोपऱ्यात उभा असलेला डबा पुष्कळदा स्टेशनच्या मालकाचा नसतोच. तो एखाद्या वेंडिंग कंपनीचा असतो. ती मशीन बसवते, दुरुस्त करते, पैसे गोळा करते आणि त्यातला वाटा मालकाला देते.

या मशीनची दुखणी बहुतेक नळीची. लोक नळी जमिनीवर टाकून जातात, तिच्यावरून गाड्या जातात. पितळी तोंड काँक्रीटवर आपटून त्यातलं रबर फाटतं. कोणी तोंडच कापून नेतं. थंडीत नळीत साचलेलं पाणी गोठतं. हा खर्च खराच आहे, त्यामुळे पैसे घेण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पैसे घेऊन चुकीचा आकडा दाखवणारा गेज (दाब मोजायचं साधन) टांगून ठेवण्याला. त्याबद्दल पुढे.

प्रश्न : कॅलिफोर्नियात हवा मोफत द्यावीच लागते, असं एका मित्राने सांगितलं. आमच्या जवळच्या स्टेशनवर तर मशीन पैसे मागतं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. कॅलिफोर्नियाचा हा कायदा १ जानेवारी २००० पासून लागू आहे. त्यानुसार जो इंधन विकत घेतो त्याला, स्टेशन उघडं असताना, हवा, पाणी आणि हवेचा दाब मोजायचा गेज मोफत मिळाला पाहिजे. यातली इंधनाची अट लोकांच्या लक्षात राहत नाही. इंधन न घेता नुसती हवा भरायला गेलात तर पैसे मागायला मालक मोकळा आहे. म्हणून मशीनवर पैशाची फट असते, आणि ती असणं बेकायदा नाही.

तेव्हा आधी गॅस भरा, मग मशीनमध्ये काहीही न घालता आत काउंटरवर जाऊन ‘हवा चालू करा’ म्हणा. बहुतेक ठिकाणी आतून बटण दाबून मशीन सुरू करतात, काही ठिकाणी टोकन देतात. पंपावर कार्डाने पैसे भरले असतील तर पावती घ्यायला विसरू नका. नकार मिळाला तर पाटी शोधा. हा हक्क सांगणारी आणि तक्रारीचा फोन नंबर देणारी पाटी लावणंही त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

मोफत हवेचा कायदा कनेक्टिकटमध्येही आहे. इतरत्र तो मालकाच्या मर्जीचा मामला आहे, पण पर्याय असतात. पूर्वेकडे वावा आणि शीट्झ या साखळ्यांच्या स्टेशनांवर मोफत हवेची मशीनं सर्रास दिसतात. डिस्काउंट टायरसारखी टायरची दुकानं टायर त्यांच्याकडून घेतलेले नसले तरी दाब तपासून हवा भरून देतात. एक गंमत न्यू जर्सीची. तिथे १९४९ पासून गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायची मनाई आहे, ते काम नोकर करतो. हवा मात्र आपली आपणच भरायची.

प्रश्न : मशीन चार मिनिटांत बंद पडतं. तिसऱ्या चाकापर्यंत पोचतो तोवर वेळ संपते आणि पुन्हा पैसे घालावे लागतात. काही युक्ती?

वेळ खरी जाते ती मोजण्यात आणि व्हॉल्व्हच्या टोप्या उघडण्यात. हवा भरायला फारशी लागत नाही. म्हणून मोजणी घरीच उरकायची.

सकाळी गाडी हलवायच्या आधी स्वतःच्या गेजने चारही टायर मोजा. गाडी किमान तीन तास उभी असेल तर तो ‘थंड’ दाब, आणि ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरचा, गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला आकडा थंड टायरचाच असतो. कागदावर चार आकडे लिहा आणि पुढे प्रत्येकाची तूट लिहा. समजा स्टिकर ३३ पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड) सांगतो आणि पुढचा डावा टायर २८ आहे, तर तूट ५.

स्टेशनवर जाईपर्यंत टायर तापतो आणि दाब वाढतो. तोच टायर आता ३१ दाखवेल. इथे भलेभले फसतात. ३१ आहे, दोनच कमी आहेत, असं समजून ३३ पर्यंत भरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा ३० वर आलेला असतो. तूट थंड असताना ५ होती, म्हणून ३१ मध्ये ५ मिळवायचे आणि ३६ पर्यंत भरायचं. स्टिकरच्या वर गेलं म्हणून घाबरू नका, टायर निवला की तो ३३ वर येईल. उलट बाजूने, लांबच्या प्रवासात मध्येच मोजून आकडा जास्त दिसला म्हणून हवा कधीही सोडू नये, तेही याच कारणाने.

आता मशीनपाशी. गाडी अशी लावा की मशीन गाडीच्या मधल्या भागासमोर येईल आणि नळी पलीकडच्या दोन्ही चाकांना पोचेल. पैसे घालायच्या आधी नळी पूर्ण उलगडून पलीकडचं मागचं चाक गाठते का ते बघा. चाक थांबताना व्हॉल्व्ह अगदी वर किंवा अगदी खाली आला तर हात वाकडा करावा लागतो, गाडी वीतभर पुढेमागे घेतली की काम होतं. चारही टोप्या काढून खिशात टाका. नंतरच पैसे.

सगळ्यात जास्त तूट असलेल्या टायरपासून सुरुवात करा. नळीचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ दाबा. सतत फुसफुस ऐकू येत असेल तर ते तिरकं बसलंय आणि हवा बाहेर चाललीये. खटका दाबून ठेवला की हवा आत जाते, आणि खटका दाबलेला असताना दांडीवरच्या गेजचा आकडा फुगलेला दिसतो, कारण तो नळीतला दाब असतो. वाचायचं असेल तर खटका सोडून वाचा. प्रत्येक टायरला हवे त्याहून एक-दोन पीएसआय जास्त भरून पुढे सरका. मशीन बंद पडल्यावर शांतपणे स्वतःच्या गेजने मोजून वरच्या हिशेबातल्या आकड्याहून जास्तीची हवा सोडा. हवा सोडायला पैसे पडत नाहीत.

काही नव्या मशीनवर हवा तेवढा दाब आधी बटणाने ठरवता येतो आणि तो गाठला की भोंगा वाजतो. टायर गरम असेल तर तिथे ३३ न ठेवता वरच्या हिशेबातला ३६ ठेवा.

प्रश्न : टायरवर ‘कमाल ५१ पीएसआय’ छापलंय, दारावर ३३. भरायचं किती?

३३. टायरवरचा आकडा हा तो टायर जास्तीत जास्त किती दाब धरू शकतो ते सांगतो. तोच टायर पाच वेगवेगळ्या गाड्यांना लागू शकतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेला जो स्टिकर दिसतो, तो गाडी बनवणाऱ्याचा आकडा. पुढचे आणि मागचे आकडे वेगळे असू शकतात, नीट बघा. स्टिकरवर किलोपास्कलही असतात: २३० म्हणजे ३३ पीएसआय.

प्रश्न : मशीनचा गेज ३५ म्हणतो, माझा पेनसारखा गेज ३२ आणि गाडीचा पडदा ३३. विश्वास कोणावर ठेवू?

मशीनवर सगळ्यात शेवटी ठेवा. तो गेज दिवसातून पन्नासदा आपटतो, उन्हापावसात राहतो, आणि तो शेवटचा कधी तपासला हे कोणालाच ठाऊक नसतं. सरकणाऱ्या पट्टीचा पेनगेज नवा असताना ठीक असतो, पण धूळ आणि ओल गेली की पट्टी अडकते आणि कमी दाखवते. एक साधा डिजिटल गेज घ्या, डिकीत न टाकता घरात ठेवा आणि नेहमी तोच वापरा. एकाच गेजची चूक निदान दर वेळी सारखी असते, त्यामुळे चार चाकांतला फरक तरी बरोबर कळतो. शंका आली तर टायरच्या दुकानात त्यांच्या गेजने एक चाक मोजून घ्या आणि लगेच स्वतःच्या गेजने मोजा. जो फरक येईल तो गेजच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

प्रश्न : थंडी सुरू झाली की सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि दुपारी विझतो. टायरमध्ये बिघाड आहे की दिव्यात?

बहुधा दोन्हींत नाही. तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो. सप्टेंबरात ७५ अंशांना ३३ भरले असतील, तर डिसेंबरातल्या २५ अंशांच्या पहाटे तीच हवा २८-२९ वर येते. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद पीएसआय रबरातून झिरपून जातो. तीन महिन्यांचे तीन वजा केले की उरले २५-२६.

आता दिव्याचं गणित. टायरमधला दाब उतरल्याचं सांगणारे हे दिवे फायरस्टोन टायर आणि फोर्डच्या गाड्यांच्या अपघातांनंतर २००० मध्ये झालेल्या कायद्यामुळे आले आणि १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या हलक्या वाहनांना सक्तीचे झाले. नियम असा की ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागलाच पाहिजे. ३३ चे २५ टक्के गेले की २४.७५. म्हणजे पहाटे तुम्ही काठावर असता. दुपारी ऊन आणि रस्त्यावरचं घर्षण मिळून दोन-तीन पीएसआय चढतात आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे हवा पुरेशी झाली असं नाही.

एवढ्यावरून कळेल की दिव्याची वाट बघणं चूक आहे. दिवा न लागता टायर सात पीएसआय कमी असू शकतो. महिन्यातून एकदा मोजा, आणि थंडीची पहिली लाट आली की लगेच मोजा. गरम गॅरेजमध्ये मोजत असाल तर बाहेरचं तापमान धरून दर दहा अंशांच्या फरकाला एक पीएसआय जास्त भरा.

दिवा आधी मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर ती वेगळी तक्रार आहे. चाकातल्या सेन्सरपासून संदेश येत नाही, पुष्कळदा त्याची बॅटरी संपलेली असते. तिथे कितीही हवा भरून उपयोग नाही.

प्रश्न : दोन डॉलर वाचवले आणि महिनाभर हवा भरली नाही तर असं काय बिघडतं? मायलेजच्या गोष्टी फुगवून सांगतात असं वाटतं.

मायलेजच्या बाबतीत तुमचा संशय बराचसा बरोबर आहे. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीनुसार चारही टायरचा सरासरी दाब एक पीएसआयने उतरला की मायलेज ०.२ टक्के घटतं. पाच पीएसआय कमी असतील तर एक टक्का. महिन्याला हजार मैल आणि गॅलनला २५ मैल धरले तर ४० गॅलन लागतात, त्यातला एक टक्का म्हणजे ०.४ गॅलन. मशीनचे दोन डॉलर जेमतेम वसूल झाले तर झाले.

खरी किंमत टायर मोजतो. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा जास्त झिजतात आणि मधला भाग शाबूत राहतो, तरी टायर बाद. त्याच्या बाजू दर फेऱ्याला जास्त वाकतात, वाकल्या की तापतात, आणि भरल्या गाडीने उन्हाळ्यात महामार्गावर तासन् तास जाताना हीच उष्णता आतले थर सुटायला कारण होते. ओल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागतो.

प्रश्न : घरचा छोटा कॉम्प्रेसर घ्यावा का? की सायकलचा पंप चालेल?

चालेल, दोन्ही. २०५/५५ आर १६ या मापाच्या सर्वसाधारण टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. २८ वरून ३३ वर न्यायला बाहेरची सुमारे दहा लिटर हवा आत कोंबावी लागते. उभा सायकल पंप एकदा दाबला की एक तृतीयांश लिटर हवा जाते असं धरलं तर तो ३० वेळा दाबावा लागेल, गळती धरून ४० वेळा. एका टायरला हे जमतं, चारांना दंड भरून येतात. सायकल पंपाचं तोंड गाडीच्या जाड व्हॉल्व्हला बसणारं असावं, बहुतेक पंपांना दोन्ही भोकं असतात.

गाडीतल्या लायटरच्या सॉकेटला लावायच्या बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरला एवढ्याच कामाला दोन-तीन मिनिटं लागतात. तीस ते पन्नास डॉलरची वस्तू, दर महिन्याचे दोन डॉलर धरले तर दोन वर्षांत फिटते. पण आमच्या मते तो घ्यायचं मुख्य कारण पैसे नाहीच. घरी टायर थंड असतो, त्यामुळे वरचा सगळा ३१-३६ चा हिशेब लागतच नाही.

घेताना वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचतात का ते आधी बघा, निम्मे लोक इथे अडकतात. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. कॉम्प्रेसर त्याहून जास्त ओढत असेल तर फ्यूज उडेल, तसला बॅटरीला चिमट्याने जोडावा लागतो. इंजिन चालू ठेवून भरा, मात्र उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. लहान मशीन किती वेळ सलग चालवायचं ते पत्रकात दिलेलं असतं, साधारण दहा मिनिटं. त्यानंतर त्याला तेवढीच विश्रांती द्या, नाहीतर पिस्टनची कडी जळते. नळीचं पितळी तोंड शेवटी चांगलंच तापलेलं असतं, उघड्या बोटांनी फिरवू नका.

चार्जिंगचे बॅटरीवाले पंप सुटसुटीत खरे, पण सहा महिने डिकीत पडून राहिले की नेमके गरजेच्या दिवशी रिकामे निघतात.

प्रश्न : एकाच चाकातली हवा दर पंधरा दिवसांनी पाच-सहा पीएसआय कमी होते. प्रत्येक वेळी भरतो. खिळा दिसत नाही.

मग हवा भरणं थांबवून भोक शोधा. कपभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. टायर पूर्ण दाबाला आणा आणि फवारा आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर मारा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात कचरा आहे. पिन फिरवायचं छोटं हत्यार मिळतं, हलक्या हाताने घट्ट करा. तरी गळत असेल तर पिन बदला. पिन काढली की सगळी हवा जाते, तेव्हा कॉम्प्रेसर हाताशी असू द्या. चाकात दाबाचा सेन्सर असेल आणि व्हॉल्व्हची दांडी ॲल्युमिनियमची असेल, तर साधी पितळी पिन घालू नका. दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन आत जाम होते. निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते. टोप्याही त्याच कारणाने प्लॅस्टिकच्या बऱ्या, शोभेच्या धातूच्या टोप्या दांडीसकट तुटून हातात येतात.

पुढे व्हॉल्व्हच्या बुडाशी फवारा आणि दांडी हलकेच बाजूला वाकवून बघा. रबराची दांडी जुनी झाली की तिथे चिरते. मग ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा, नक्षीचा भाग), चाक थोडं थोडं पुढे घेत पूर्ण फेरी. शेवटी रिमच्या कडा, आतली आणि बाहेरची. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागांत ॲल्युमिनियमच्या रिमला पांढरी बुरशीसारखी गंज धरते आणि टायरची कड तिथे नीट बसत नाही. त्याला इलाज एकच: दुकानात टायर उतरवून रिम घासून घ्यायची.

खिळा सापडला तर घरी उपटू नका, हळू गळणारा टायर जागच्या जागी सपाट होईल. दुरुस्ती फक्त ट्रेडच्या मधल्या पट्ट्यात आणि पाव इंचापर्यंतच्या भोकाला होते. खांद्यावर (ट्रेड आणि बाजू मिळतात त्या कडेवर) किंवा बाजूवर भोक असेल तर टायर बदलावा लागतो. बाहेरून दोरी खुपसून केलेलं पंक्चर घरी पोचण्यापुरतं. पक्कं काम म्हणजे टायर उतरवून भोकात बूच आणि आतून ठिगळ.

प्रश्न : मशीनने पैसे घेतले, हवा दिलीच नाही. काउंटरवरचा माणूस म्हणतो, आमचा संबंध नाही.

वर सांगितल्याप्रमाणे मशीन वेंडिंग कंपनीचं असेल तर त्या माणसाच्या हातात खरंच काही नसतं. मशीनवर कंपनीचा फोन नंबर आणि मशीनचा क्रमांक छापलेला असतो, त्याचा फोटो काढून तिथे तक्रार करा. कार्डाने पैसे दिले असतील तर परतावा मिळणं सोपं. पैसे घालण्याआधी नळीच्या तोंडातलं रबर जागेवर आहे का एवढं बघितलं तरी अर्धे तंटे टळतील.

प्रश्न : नायट्रोजन भरून घ्यावा का? हिरव्या टोप्या लावून देतात.

फुकट मिळत असेल तर जरूर. कॉस्टकोच्या टायर विभागात तसा मिळतो. पैसे देऊन नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि त्यात ओल नसते, एवढाच फायदा. थंडीत दाब त्याचाही तेवढाच उतरतो. हिरव्या टोपीच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काही बिघडत नाही.

प्रश्न : डिकीतल्या लहान स्टेपनीतही ३३ भरायचे का?

नाही, ६०. आकडा तिच्याच अंगावर छापलेला असतो. बरीच स्वस्त मशीनं आणि छोटे पंप ६० ला पोचताना रडतात, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा तिथल्याच माणसाला स्टेपनी भरायला सांगा. काही गाड्यांत ती काढायला डिकीतलं सगळं सामान उतरवावं लागतं, तेव्हा त्या दिवशी डिकी रिकामी करून न्या.